कपाटातला मका

आमच्या घरात खरी उबदार जागा एकच होती, स्वयंपाकघरातलं गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. इन्व्हरकार्गिलच्या हिवाळ्यात कपडे दोरीवर वाळत नाहीत, नुसते ताठ होतात. मग ते आणून या कपाटाच्या फळ्यांवर टाकायचे आणि सकाळी अंघोळ झाली की तिथूनच ऊन ऊन बनियन-चड्डी काढून अंगात चढवायची. माझ्या आईच्या घरी हेच, तिच्या आईच्या घरीही हेच. देशाच्या या थंड दक्षिण टोकाला राहणाऱ्या माणसाला एवढं सुख तरी हवंच.

त्याच कपाटावरून माझं आणि सासूबाईंचं पहिलं भांडण झालं. त्यांचं नाव पिरिहिरा, पण नातवंडांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना नॅन म्हणायचे. येऊन दुसऱ्याच दिवशी त्यांनी कपाट उघडलं आणि हाक मारली, "लॉर्ना! इकडे ये पोरी. हे काय आहे?"

"भांडी पुसायची फडकी, नॅन."

"आणि त्यांच्या डोक्यावर?"

"मातिऊचे मोजे. धुतलेले आहेत."

"धुतलेले!" नॅननी दोन बोटांत धरून एक फडकं वर उचललं. "ज्याने ताट पुसायचं ते पायातल्याबरोबर धुतलंस? आमच्यात अंगाचं आणि ताटाचं कधी एकत्र होत नाही. माझ्या मुलाने बारा वर्षांत एवढंही सांगितलं नाही तुला?"

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा मातिऊ, पेपरात तोंड खुपसून बसला होता. नॅननी सगळी फडकी उचलून सरळ चुलीत घातली. त्यात माझ्या लग्नात आलेली तागाची दोन होती. मी तणतणले, पण दुसऱ्या दिवसापासून फडकी वेगळ्या बादलीत धुवायला लागले.

कारण मी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. नॅन परत जाणार नाहीत. त्यांचं गाव टिकिटिकी, पार देशाच्या उत्तरेकडच्या बेटावर, पूर्वेच्या टोकाला. सासरे गेल्यावर त्या टेकडीवरच्या घरात एकट्या राहायच्या. आदल्या हिवाळ्यात अंगणात घसरून पडल्या आणि संध्याकाळी पुतण्या लाकडं घेऊन आला तोवर तशाच पडून होत्या. माझी आई एकटीच असताना गेली होती. तसला फोन मला दुसऱ्यांदा घ्यायचा नव्हता.

पण नॅनना हे कोण सांगणार? त्या म्हणायच्या, "पाहुणी म्हणून आलेय." त्यांच्या अर्ध्या पेटीत कपडे होते आणि अर्ध्या पेटीत गोणपाटाच्या पिशवीत वाळलेल्या मक्याची कणसं.

"आई, इथे कांगा नको," मातिऊ म्हणाला. "शेजारी तक्रार करतील."

कांगा म्हणजे कुजवलेला मका. कणसं पिशवीत भरून वाहत्या ओढ्यात बुडवून ठेवायची. दोनेक महिन्यांत दाणा लोण्यासारखा मऊ होतो आणि असा वास मारतो की पहिल्यांदा आलेला माणूस घरात उंदीर मेलाय म्हणून शोधायला लागतो. मग दाणे वाटून त्याची खीर करायची, वर साय आणि साखर. टिकिटिकीला लग्नाबारशाला हीच खीर हवी. मातिऊ लहानपणी वाटीच्या वाटी संपवायचा, हे मला त्याच्या आईकडूनच कळलं. माझ्यासमोर त्याने कधी नाव काढलं नव्हतं.

नॅननी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. गावच्या रग्बी क्लबच्या मैदानामागे ओढा आहे, तिथे काठावरच्या विलोच्या झाडाच्या मुळाला दोरी बांधून त्यांनी पिशवी पाण्यात सोडली. मग हात झटकत माझ्याकडे वळल्या.

"ऐक. या पाण्यात माझा मका झाला, तर मी इथली. नाही झाला, तर बसचं तिकीट काढायचं. आणि मग कुणी रडारड करायची नाही."

"मक्यावर का सोडताय, नॅन?"

"मग कशावर सोडू? जिथे मला माझा कांगा मिळत नाही, तिथे माझं काय काम?"

झालं, तेव्हापासून मी रोज ओढ्यावर जायला लागले. त्यांना वाटायचं, मी त्यांना सोबत म्हणून येते. मी जात होते त्या मक्याला दम द्यायला.

मधल्या काळात मीही माझ्या गावचं हत्यार काढलं. आमच्याकडचे चीज रोल. पावाच्या स्लाइसवर चीज, आटवलेलं दूध आणि कांद्याच्या सुपाची पावडर यांचं शिजवलेलं सारण फासायचं, गुंडाळी करायची, वर लोणी आणि भट्टीत खरपूस करायचं. पोरांच्या रग्बीच्या जर्सीसाठी पैसे जमवायचे असले की गावातल्या सगळ्या बायका क्लबात जमून ढिगाने हे रोल वळतात. यात आमच्यासारखं कुणाला जमत नाही, असं आम्हाला वाटतं. मी नॅनना घेऊन गेले.

त्यांनी एक खाऊन पाहिला. "पावाची गोधडी करून चीज निजवलंय."

"आवडला नाही का?"

"आवडला नाही असं म्हटलं का मी? दुसरा दे." चौथ्यानंतर त्यांनी बाह्या सरसावल्या आणि वळायला बसल्या. दुपारपर्यंत त्यांचे रोल आमच्या सगळ्यांपेक्षा घट्ट आणि सारखे व्हायला लागले होते. क्लबातली शर्ली, ही आमच्यातली सगळ्यात जुनी, मला कोपराने ढोसून म्हणाली, "तुझ्या सासूला जाऊ देऊ नकोस हं."

"मक्याला सांग," मी म्हटलं.

पण मका हट्टाला पेटला होता. दोन महिने झाले, नॅननी पिशवी ओढली, दाणा दाबला. दगड. आणखी दोन आठवडे थांबल्या. पाण्याच्या कडेला बर्फाची पापडी धरायला लागली होती. त्यांनी हात घालून एक कणीस काढलं, नाकाशी नेलं आणि पुष्कळ वेळ तसंच धरून ठेवलं. त्यांची बोटं निळी पडली होती.

"काहीच वास नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या पाण्यात कुजायचीसुद्धा सोय नाही पोरी."

घरी येऊन त्यांनी पेटी बाहेर काढली. मातिऊ तिच्यावर बसला.

"आई, ऊठसूट काय पेटी? मक्यासाठी कुणी घर सोडतं का?"

"मी घरी चाललेय. सोडत नाहीये."

त्याला दुसरं काही सुचेना, मग नेहमीसारखी थट्टा सुचली. "मग संडासाच्या टाकीत टाक तुझा मका. तिथे पाणी दिवसभर वाहतं, बर्फही होत नाही."

नॅननी पायातली सपात काढून त्या चाळिशीच्या मुलाला अशी हाणली की आमची पोरं खिदळत खोलीबाहेर पळाली. "ज्याच्या तोंडात मी घास घातला तो हे बोलतो!" त्या खरोखर रडकुंडीला आल्या होत्या. मातिऊ माफी मागत त्यांच्यामागे फिरत राहिला.

मी मात्र तिथेच उभी राहिले. बर्फ होत नाही, हे त्याचं वाक्य माझ्या डोक्यात अडकलं होतं. घरात बर्फ न होणारी जागा मला त्याच्यापेक्षा चांगली ठाऊक होती.

मी कपाट उघडलं. सगळे बनियन, चड्ड्या, मोजे, पोरांचे लोकरी पायजमे काढून जमिनीवर ढीग घातला. फळ्या उतरवल्या आणि उकळत्या पाण्याने घासल्या. भिंती घासल्या. मग अंगणातून कोरी बादली आणली, तीही घासली, आणि कपाटात नेऊन ठेवली. वरची फळी परत बसवून तिच्यावर भांड्यांची फडकी घडी करून लावली, फक्त तीच.

नॅन दारात येऊन बघत होत्या.

"कपडे कुठे ठेवणार?"

"गार खोलीत."

"आणि पोरं?"

"पोरं गार चड्ड्या घालतील. मरत नाही कुणी."

"कांग्याला वाहतं पाणी लागतं."

"मी वाहवते. सकाळ-संध्याकाळ बदलेन. नॅन, या कपाटात आता अंगाचं काही नाही. यापुढेही येणार नाही. आणा ती पिशवी."

कपाटात डोकं घालून त्यांनी फळीवरून बोट फिरवलं, कोपऱ्यातसुद्धा. मग कोट चढवून ओढ्याकडे निघाल्या.

त्यानंतरचे आठवडे मी विसरणार नाही. पहाटे अंगात ओलसर, बर्फासारखा बनियन चढवताना मातिऊ जे शब्द काढायचा ते इथे लिहीत नाही. आणि वास आला. आधी किंचित, मग सगळ्या घरभर. पडद्यांना, गाद्यांना, माझ्या केसांना. मातिऊला कारखान्यात डबा खायला वेगळं बसवायला लागले. शर्लीने फोन करून विचारलं, तुमची मोरी तुंबलीय का? मी म्हटलं, नाही, माझी सासू राहतेय. रोज दोनदा मी ती बादली अंगणात रिती करायची, नाक दाबून, आणि पुन्हा भरायची. मला मळमळायचं. वास वाढला की मात्र मनातून आनंद व्हायचा.

एका रविवारी नॅननी दाणा दाबला आणि तो बोटांमध्ये विरघळला.

त्यांनी खीर शिजवली. पहिली वाटी त्यांनी माझ्यासमोर ठेवली, साय आणि साखर घालून. सगळे माझ्याकडे बघत होते. मी श्वास रोखून चमचा तोंडात घातला. आंबट होतं, मऊ होतं, आणि वास घशात बसला. मला आवडलं नाही. मी दुसरा चमचा घेतला, मग तिसरा, आणि वाटी पुसून ठेवली. मातिऊने तोवर दोन वाट्या संपवल्या होत्या आणि पातेल्यात डोकावत होता.

"कसा झालाय?" नॅननी विचारलं.

"भयंकर."

"खोटं बोलली नाहीस, बरं केलंस," त्या म्हणाल्या आणि उठून फोनकडे गेल्या. टिकिटिकीला बहिणीला लावला. बराच वेळ पाऊस, गुडघे, कुणाची सून कशी, हे सगळं झालं. माझे कान तिकडेच होते. मग त्या म्हणाल्या, "माझं घर ना? पुतण्याला दे. त्याला म्हणावं धुराडं साफ कर. आणि हे बघ, यंदाचा मका वाळला की मला दोन गोण्या पाठव."

"दोन?" मी स्वयंपाकघरातून ओरडले. "नॅन, त्या कपाटात एकच बादली मावते!"

त्यांनी फोनवर हात ठेवला. "हळूहळू करू पोरी. मी कुठे चाललेय?"

मी नळ सोडून वाटी घासत बसले, कारण मला डोळे पुसायचे होते आणि हाताशी फक्त ताटाचं फडकं होतं. त्याने डोळे पुसले असते तर नॅननी तेही चुलीत घातलं असतं.

पुढचा हिवाळा आम्ही गार चड्ड्यांत काढला. त्याच्या पुढचाही.