कमी पडलेल्या एकोणीस सळया

बांधकामावरच्या मुकादमानं दोन्ही हातांची दहा बोटं पसरली, मिटली आणि पुन्हा नऊ पसरली.

"ताई, एकोणीस सळया कमी आहेत. बघा, मोजायला माझी बोटंसुद्धा कमी पडली."

कंत्राटदाराच्या कचेरीत आठ वर्षं ताईनं टायपिंग केलं होतं. लोखंड किती लागेल याचा अंदाज काढायचे ते तिथले एक वयस्कर काका, आणि त्यांची पानं टाइप करायची ती. टाइप करता करता तिला ते गणित इतकं येऊ लागलं की काकांची चूक झाली तर ती गुपचूप दुरुस्त करून मोकळी व्हायची. काका निवृत्त झाले तेव्हा कंत्राटदार साहेब म्हणाले होते, "या स्लॅबचं लोखंड तुम्ही काढा. बरोबर आलं तर काकांचं टेबल तुमचं. नाहीतर मी त्यांना हात जोडून परत आणतो, आणि तुम्ही बसा टाइप करत."

स्लॅब दोन खोल्यांवर मिळून एकच होता, मधे एक भिंत. खालच्या जाळीला चार मीटर साठच्या शंभर सळया, त्यांच्यावर आडव्या सात चाळीसच्या चव्वेचाळीस, आणि मधल्या भिंतीच्या डोक्यावर दोन ऐंशीच्या अठ्ठावीस. सगळ्या दहा मिलिमीटर जाडीच्या. तिनं लांबीची बेरीज केली, वजन काढलं, थोडं जादा धरलं आणि बारा मीटरच्या पंचाहत्तर सळया मागवल्या. बेरीज सात वेळा तपासली होती. देवाचं नाव घेऊन आठव्यांदाही.

"कमी कशा?" तिनं विचारलं.

"आता हे बघा." मुकादम कापायच्या बाकावर टेकला. "एका सळईतून साडेचारच्या वरचे तुकडे दोन निघतात. शंभरला पन्नास सळया गेल्या. सात चाळीसचा एका सळईतून एकच. चव्वेचाळीस गेल्या. झाल्या की नाही चौऱ्याण्णव? दोन ऐंशीवाले काय, तुकड्यांतून निघतील. तुम्ही पाठवल्या पंचाहत्तर. काकांच्या वेळी असं कधी झालं नाही. लग्नाला आल्यासारखं लोखंड यायचं, पंगती उठल्या तरी उरायचं."

"आणि किती कापल्यात?"

"खालची जाळी आधी बांधायची, म्हणून चार साठच्या मापावरच खिळा ठोकला बाकावर. सळई त्याला टेकवायची की कापायची. दहा झाल्या. आता जेवायला सुटी." त्यानं डबा उघडला. "काँक्रीट उद्या सकाळी यायचंय. साहेब चार वाजता येतील. मी काही बोलणार नाही हो, पण ते मोजतीलच की."

घर जवळच होतं. ताई जेवायला आली, पण ताटातली भाजी नुसती चिवडत बसली. बाहेरच्या खोलीत सासूबाई मोठ्या टेबलावर कापड पसरून उभ्या होत्या. शाळेच्या गणवेशाचे बारा सदरे शिवायचे होते. कागदी नमुने पंख्यानं उडत होते. सासूबाई एकावर कात्री ठेवायच्या, दुसऱ्यावर कोपर, आणि तिसरा हटकून खाली जायचा.

"उचल गं तो. आणि तोंड का असं? मीठ जास्त झालंय का भाजीत?"

"भाजी छान आहे, आई. लोखंड कमी पडलंय." मग तिनं सगळं सांगितलं.

सासूबाईंना लोखंडातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या ऐकत राहिल्या आणि सदऱ्याच्या पाठीचा नमुना कापडावर सरकवत राहिल्या. मग एकदम थांबल्या.

"तुझा तो मुकादम आधी सगळी अंगं कापतो म्हण की."

"म्हणजे?"

"अगं, नवी पोरगी शिकायला आली की हेच करते. आधी बाराही सदऱ्यांची अंगं कापायची, आणि बाह्या कुठून काढायच्या ते मग बघायचं. कापड कमी पडणारच. तू कापड मोजून दिलंस ते बरोबरच आहे गं. पण कशाच्या शेजारी काय बसतं, ते कुठं सांगितलंस त्याला?"

ताईचा घास हातातच राहिला. खरंच, तिनं बेरीज दिली होती. मांडणी दिलीच नव्हती.

"आई, किनारीच्या पट्ट्या आहेत?"

"पोतंभर. घे."

एका मीटरला दहा सेंटिमीटर धरून तिनं पट्ट्या कापल्या. एकशेवीसची लांब पट्टी अंथरली. तिच्यावर चौऱ्याहत्तरची ठेवली, शेजारी शेहेचाळीसची. टोकाला टोक लागलं. दुसऱ्या लांब पट्टीवर शेहेचाळीसच्या दोन ठेवल्या, उरलेल्या जागेत अठ्ठावीसची. तीही चपखल बसली.

"अगंबाई!" सासूबाई म्हणाल्या. "चिंधीसुद्धा उरली नाही की."

ताईनं पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. चव्वेचाळीस सळया पहिल्या तऱ्हेनं, अठ्ठावीस दुसऱ्या. एकूण बहात्तर. ती पट्ट्या घेऊन निघालीच.

"अगं, ताट!"

"आल्यावर जेवते!"

तिनं सासूबाईंचं म्हणणं सांगितलं, आणि मुकादमानं बाकावर पट्ट्या मांडून पाहिल्या. उलट्या केल्या, पुन्हा मांडल्या. मग डोक्यावरची टोपी मागं सरकवली.

"म्हणजे खिळा सात चाळीसला ठोकायचा, आणि पलीकडं पडतो तो तुकडा आपोआप चार साठचा? पुन्हा मोजायचंसुद्धा नाही?"

"नाही."

"आणि सकाळी कापलेल्या दहा?"

"त्या दुसऱ्या तऱ्हेत बरोबर बसतात. त्यांचे दोन ऐंशीचे तुकडे तेवढे ढिगातून काढून घ्या."

"तीस वर्षं कापतोय मी." मुकादम स्वतःशीच म्हणाला. मग ओरडला, "उठा रे! खिळा काढा तो!"

साडेतीनपर्यंत बाकावर खणाखण चालू होती, आणि कापलेली सळई लगेच वर जाळीत बांधली जात होती. बहात्तरावी सळई कापली गेली, आणि मुकादमानं आजूबाजूला पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"ताई, घोटाळा झाला. तुकडेच नाहीत."

"ते तर चांगलं ना?"

"चांगलं कसलं! भिंतीवरच्या सळया उचलून धरायला खाली वाकवलेल्या खुर्च्या लागतात. त्या आम्ही नेहमी उरल्यासुरल्या तुकड्यांच्या करतो. तीस लागतील. आता काय, पाट मांडू?"

ताईनं कपाळाला हात लावला. काकांच्या कागदांवर खुर्च्या कधीच नव्हत्या. त्या तुकड्यांतूनच व्हायच्या, मग लिहायच्या कशाला? "एकीला किती लागतं?"

"एक मीटर पंधरा."

जादा धरलेल्या तीन सळया भिंतीशी टेकून उभ्या होत्या. तिनं मनात भागाकार केला. "एका सळईतून दहा निघतात. तिन्ही कापा."

चारला साहेब आले. जाळीवरून चालले, ओणवे होऊन सळया मोजल्या, खुर्च्या पायानं हलवून पाहिल्या. मग लोखंड ठेवायच्या जागेकडं गेले. तिथं नुसती माती होती.

"उरलं काय?"

"हे." मुकादमानं अर्ध्या अर्ध्या मीटरचे तीन तुकडे पुढं केले. "आणि साहेब, काकांना आरामच करू द्या."

साहेबांनी ते तुकडे निरखून पाहिले. गाडीकडं जाता जाता वळले. "काकांच्या टेबलाचा खालचा खण अडकतो. जरा उचलून ओढावा लागतो. उद्या जपून उघडा."

ताईला हसू आवरेना, म्हणून तिनं पदर तोंडाशी धरला. मुकादम मात्र खदाखदा हसला आणि त्यानं एक तुकडा तिच्या हातात दिला. "तुमच्या सासूबाईंना द्या. म्हणावं, मुकादमाची गुरुदक्षिणा."

घरी आल्यावर तिनं तो धुऊनपुसून, जुन्या कापडात गुंडाळून नमुन्यांवर आडवा ठेवला. एकही कागद हलला नाही. सासूबाईंनी पंखा आणखी दोन आकड्यांनी वाढवला, समाधानानं मान हलवली आणि म्हणाल्या, "आता आधी ते ताट संपव."