रमिलाचा ढोल

उसाचा हंगाम सुरू झाला की सातपुड्यातली गावं रिकामी होतात. इंद्रसिंगच्या गावात तर यंदा मयताला चार खांदे मिळाले नसते. पण खांद्यांची वेळच आली नाही. त्याची मोठी मुलगी रमिला गुजरातमध्ये ऊसतोडीला गेली होती. तिथेच तापाने गेली, आणि बाप पोचायच्या आत टोळीतल्या माणसांनी सगळं उरकलं होतं. इंद्रसिंग राखेपाशी थोडा वेळ उभा राहिला, जावयाच्या पाठीवर हात ठेवला आणि परत आला.

राहिला तो ढोल. त्यांच्याकडे डोंगरातल्या गावांत माणूस गेलं की मरणाचा ढोल वाजतो. तो ठेका कानावर पडला की हातातलं काम टाकून उभं राहायचं, कोण गेलं ते विचारायचं आणि घरच्याने नाव सांगायचं. ढोल वाजेपर्यंत माणूस गावाच्या लेखी गेलेलंच नसतं. गावात हा ढोल वाजवणारा मुख्य माणूस इंद्रसिंग, आणि घरच्याने घरच्या मरणाला वाजवायचा नसतो. वाजवू शकले असते ते सगळे उसाच्या फडात होते. होळीला लोक परततील तेव्हा बघू, असं म्हाताऱ्यांनी ठरवलं. तोवर त्याची बायको भुरीबाई, रमिला यायचीच आहे असं धरून, रोज तिच्या नावाची भाकर थापत होती. अडवायचं कसं, ते इंद्रसिंगला कळत नव्हतं. तो शहाद्याला कामावर निघून आला.

काम संग्रहालयातलं. शाळांच्या सहली यायच्या. मुलांनी जात्यावर दळायचं, उखळात भगर कांडायची, तीरकामठा ताणून बघायचा आणि शेवटी इंद्रसिंगच्या ढोलावर हात चालवायचा. हे सगळं बसवलं होतं संग्रहालय चालवणाऱ्या उमाकांत सरांनी. मुलं दारात आली की ते ठरलेलं वाक्य टाकायचे, "बाकी ठिकाणी पाटी असते, हात लावू नये. इथे जो हात लावणार नाही त्याच्यावर मी रागावणार."

गावाहून आल्यापासून इंद्रसिंग गप्प असतो, हे त्यांनी पाहिलं होतं. त्या दिवशी सकाळीच त्यांनी त्याच्यापुढे कप ठेवला आणि अहिराणीत म्हणाले, "दादा, चहा पी ल्या, थंडा हुई ऱ्हायना. गावले जाई उनात तैपाईन गुमसुम शेतस. तब्येत बरी शे ना?"

"बरी आहे, सर."

त्याने चहा प्यायला. त्यात साखर होती की नाही, हे त्याला सांगता आलं नसतं.

आधी सारंगखेड्याकडची शाळा आली. मुलांनी ढोलाभोवती गर्दी केली.

"काका, याच्यावर डीजेचं गाणं वाजतं का?" एकाने विचारलं.

"तुन्हा लगनमा वाजाडतीन, थांब," मागचा म्हणाला, आणि सगळा घोळका फिदीफिदी हसला. इंद्रसिंगने एकेकाच्या हातात काठ्या दिल्या, एकेकाच्या हातून परत घेतल्या.

जेवणानंतर धडगावकडच्या आश्रमशाळेची मुलं आली. त्यांच्या बाई चारुलता मॅडम. ही डोंगरातली मुलं जात्याकडे फार वेळ थांबली नाहीत. जातं त्यांनी घरी पाहिलेलं होतं. उमाकांत सरांनी मग सगळ्यांना ढोलापुढे बसवलं.

"आता ओळखा पाहू! दादा वाजवतील, तुम्ही सांगायचं कशाचा ठेका."

इंद्रसिंगने ढोल खांद्याला अडकवून लग्नाचा ठेका वाजवला. त्याचे दोन घाव पडले नाहीत तोच मुलं ओरडली, "लग्न!"

"शाबास. आता होळीचा... अरे, मीच सांगून टाकलं! चालेल. दादा, होळी वाजवा."

होळी. इंद्रसिंगने काठ्या उचलल्या. वाजवताना त्याचं लक्ष खिडकीच्या जाळीत अडकलेल्या एका सुक्या पानाकडे होतं. खोली गप्प झाली तेव्हा त्याने समोर पाहिलं. सगळी मुलं उभी होती. एका मुलीने मुठीतली भगर हळूच उखळात परत टाकली. त्याचे हात तेव्हा थांबले. त्यांनी होळी वाजवलीच नव्हती.

"बसा, बसा! उभं राहायला कोणी सांगितलं?" चारुलता मॅडम म्हणाल्या. कोणीही बसलं नाही.

भगर टाकणारी मुलगी, चेतना तिचं नाव, पावरी बोलीत म्हणाली, "कोण गेलं?"

तेवढी पावरी उमाकांत सरांना कळत होती. ते हसले. "कोणी नाही गं, खेळ आहे हा. दादा, ठेका चुकला ना?"

हो म्हणणं सोपं होतं. एका शब्दात मुलं खाली बसली असती, सहल पुढे सरकली असती आणि वाजलेला ठेका न वाजल्यासारखा झाला असता. गावाच्या लेखी रमिला पुन्हा न गेलेलीच राहिली असती. इंद्रसिंगने ओठ ओले केले.

"माझी रमिला," तो म्हणाला. "मोठी मुलगी."

उमाकांत सरांचं हसू तोंडावर थोडा वेळ तसंच राहिलं. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "दादा, माले काबर नही सांगं?"

तेवढ्यात नववीतला एक उंच पोरगा, दिवाल्या, रांग मोडून पुढे आला. तो चिडलेला होता.

"मग तुम्ही का वाजवता? घरच्याने वाजवायचा नसतो. माहीत नाही का? द्या इकडे."

इंद्रसिंगने ढोल उतरवून दिला. दिवाल्याने पट्टा खांद्यावर घेतला आणि घाईघाईने बडवायला सुरुवात केली.

"अरे, वरात निघाली का तुझी?" चेतना म्हणाली. हसलं कोणीच नाही.

"हळू," इंद्रसिंग म्हणाला. ढोलाला हात लागू नये म्हणून त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले होते. "उजवा पडला की थांब. त्याचा आवाज पूर्ण जाऊ दे. मग डावा."

दिवाल्याने पुन्हा केलं. पुन्हा चुकलं.

"जाऊ दे म्हटलं ना. घाई कसली आहे? परत."

चारुलता मॅडमनी दाराशी आलेल्या बसच्या ड्रायव्हरला हाताने थांबायची खूण केली. तिसऱ्या खेपेला ठेका लागला. मुलं एकेक करून इंद्रसिंगभोवती येऊन बसली, मयताच्या घरी बसतात तशी. उमाकांत सरही चप्पल काढून मागे बसले.

इंद्रसिंगने खिशातून फोन काढून भुरीबाईला लावला. तिने उचलला. त्याने फोन ढोलाच्या दिशेने धरला. मग पलीकडे भुरीबाईने हंबरडा फोडला. तो ऐकून दिवाल्या बिचकला, त्याचा हात अडखळला.

"थांबू नको," इंद्रसिंग म्हणाला, आणि फोन तसाच धरून राहिला. त्याचा दंड दुखू लागला होता.