बाबांनी दोघांना हो म्हटलं

शनिवारी सकाळी दहा वाजता मला कळलं की मी दोन विद्यापीठांत प्रवेश घेतलाय. मला! आणि कळवलं कुणी, तर माझ्या मैत्रिणीने, अपूर्वाने.

"उत्कर्षे, इन्स्टा उघड आधी. तू दोन्हीकडे आहेस!"

वाघोलीच्या सप्तशिखर विद्यापीठाच्या पेजवर माझा फोटो. खराडीच्या आरोहण युनिव्हर्सिटीच्या पेजवरही माझाच फोटो, फक्त तिथे मला दोन छटा गोरं केलेलं. अकरावीपर्यंत बाई मला 'ती मागच्या बाकावरची' म्हणायच्या. यंदा रसायनशास्त्राच्या ऑलिंपियाडमधून राष्ट्रीय शिबिराला निवड झाली आणि पुण्यातली दोन सगळ्यात ऐटबाज विद्यापीठं माझ्यावरून भांडायला लागली. खोटं कशाला बोलू, मला भयंकर मजा येत होती.

मग दोन मेल आले. दोन्हींत एकच मजकूर: तुम्ही दुसरीकडे प्रवेश निश्चित केल्याचं समजलं, आज पाचपर्यंत खुलासा केला नाहीत तर जागा आणि पूर्ण शिष्यवृत्ती प्रतीक्षा यादीतल्या विद्यार्थ्याला देऊ.

मजा संपली. शिष्यवृत्तीशिवाय दोन्हीकडचं फाटकसुद्धा मला बंद होतं.

"बाबा, तुम्ही कुणाला काय म्हणालात?"

बाबा दाढी करत होते. खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीत वीस वर्षं झाली, पण बोलणं अजून वर्ध्याचंच. "गुरुवारी सप्तशिखरच्या मॅडम आल्या होत्या न, त्यांले हो म्हटलं. शुक्रवारी आरोहणचे सर आले. त्यांलेही हो म्हटलं."

"दोघांना?"

"मंग? घरी आलेल्या माणसाले तोंडावर नाही म्हणाव काय? हो म्हणजे, या, बसा, खा. कागद समोर ठेवला, सही केली. मान ठेवा लागते बेटा."

आई आतून ओरडली, "तुमाले काही समजते का जी? हे पुणं आहे! इथं कोणी उगीच हो म्हणत नाही!"

आईने बरोबर ओळखलं होतं. पुण्यात 'बघू' म्हणजे नाही, 'कळवतो' म्हणजेही नाही. त्यामुळे चुकून कुणी 'हो' म्हणालंच, तर ऐकणारा ते दगडावर कोरून ठेवतो. दोघांनीही ठेवलं होतं.

मी दोघांना फोन केले. दोघांना चारचीच वेळ दिली, मुद्दाम. एकेकाला भेटलं की मी भुलते, हे मला माझं माहीत होतं.

सप्तशिखरच्या रसायनशास्त्र विभागाच्या हेमा मॅडम चारला पाच कमी असताना आल्या. आरोहणचे सलिल सर त्यांच्या पाठोपाठ, हातात माझं नाव छापलेली बॅग घेऊन. आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत एकच सोफा. दोघं त्याची दोन टोकं धरून बसले. बाबांनी लगेच सांबारवडीच्या, म्हणजे आमच्या वर्ध्याकडच्या कोथिंबीरवडीच्या, प्लेटा पुढे केल्या.

"बॅग छान आहे," हेमा मॅडम म्हणाल्या. "शिकवण्यावर खर्च करायचं राहून गेलं की असं काहीतरी सुचतं."

"आमच्याकडे मागच्याच महिन्यात रेणूंची रचना दाखवणारं नवं एनएमआर मशीन आलंय, मॅडम."

"ऐकलंय. खोक्यातून कधी काढताय?"

सर लाल झाले. "उत्कर्षा, आमची लॅब सिंगापूरच्या तोडीची आहे. तुमचं मशीन कधीचं, मॅडम? माझ्या वयाचं असेल!"

"तुमच्यापेक्षा जास्त काम करतं."

बाबा घाबरून मधे पडले. "भांडू नका न जी. पोरगी दोघांकडे येईल, सकाळी एकीकडे, दुपारी—"

"बाबा, थांबा."

हे मी म्हणाले. मोठ्याने. आई दारात येऊन उभी राहिली.

"सर, मॅडम, तुम्ही बाबांची सही घेतलीत. मी गुरुवारी आतल्या खोलीत अभ्यास करत होते, शुक्रवारीही. मला कुणी काही विचारलंत?"

मॅडमनी प्लेट खाली ठेवली. सलिल सरांचा घास हातातच राहिला.

"मग मी विचारते. पहिल्या वर्षाच्या मुलीला मशीनला हात लावू देता का?"

"दुसऱ्या वर्षापासून," सर म्हणाले. "नवं आहे ना. पहिल्या वर्षी सिम्युलेशनवर. पण सिम्युलेशन जबरदस्त!"

मी मॅडमकडे वळले.

"बुधवारी दुपारी. शेजारी सीनियर असतो. मशीन जुनं आहे, मधेच रुसतं, मग मुलंच मॅन्युअल काढून बसतात. चकाचक काही मिळणार नाही, आधीच सांगते."

रुसलेलं मशीन आणि मॅन्युअल! मला सोफ्यावर उडी मारावीशी वाटली. पण आधी दुसरं काम होतं. आमच्या घरात ते आजवर कुणी केलं नव्हतं.

"सर, नाही. मी आरोहणला येणार नाही. बाबांचा हो पाहुणचाराचा होता, प्रवेशाचा नव्हता. आमच्यामुळे गैरसमज झाला, सॉरी."

बाबांनी डोळे मिटले. सलिल सरांनी घास खाल्ला, नीट चावला. "इतका स्पष्ट नकार, तोही इतक्या चविष्ट घरात," ते म्हणाले. "ठीक आहे. आमच्याकडून तुला मोकळं केल्याचा मेल आत्ता टाकतो. तो नसेल तर या मॅडमचं ऑफिस अडून बसेल."

"बसेलच," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फोन लावला. चार वाजून एकोणचाळीस मिनिटं. "हो, तीच मुलगी... वडिलांची सही चालणार नाही? मग कुणाची चालेल?... बरं." फोनवर हात ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "आमच्याकडे येतेस असं स्वतःच्या हाताने लिहून दे. मग शिष्यवृत्ती राहील."

मी वहीचं पान फाडलं आणि पेन घेतलं. तीन ओळी लिहिल्या, तिन्ही उतारावरून गाडी सुटावी तशा खाली घसरलेल्या. खाली सही केली. आयुष्यातली पहिली, खरीखुरी, कामाची!

मॅडमनी फोटो काढून पाठवला. सलिल सरसुद्धा निघायचं विसरून फोनकडे बघत बसले. चार एक्कावन्नला उत्तर आलं आणि मॅडमनी फोन माझ्यासमोर धरला: जागा निश्चित, शिष्यवृत्ती कायम.

मी अशी किंचाळले, की खालच्या मजल्यावरच्या काकू काय झालं म्हणून जिना चढून वर आल्या. बाबांनी त्यांना दारातच सांगून टाकलं, "काही नाही जी, पोरीनं आज स्वतः हो म्हटलं."