काचेतला हिरवा आकडा

भाऊजींनी स्टिअरिंगवरचं बटण दाबलं आणि सिंहासनावर बसल्यासारखी मान ताठ केली.

"बघ, वेगाचा आकडा थेट समोरच्या काचेत! आता मान खाली घालायचं कामच नाही."

"एरवी तरी कधी घातलीत?" धाकटी मेहुणी म्हणाली.

शेजारच्या सीटवरून तिला काचेत काहीच दिसत नव्हतं. बघायची गरजही वाटत नव्हती. नजर रस्त्यावर असली म्हणजे लक्षही रस्त्यावरच असतं, असं मानणाऱ्यांचा तिला वीट आला होता. दृष्टीच्या प्रयोगशाळेत ती हेच तपासायची. आणि या गृहस्थांनी गाडीच्या माहितीपत्रकापलीकडे काही वाचलं असेल तर शपथ. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या आईला आणायला ती मुद्दाम सोबत आली होती. आईने पुढचा महिना ताईकडे राहायचं की आपल्याकडे, हे आज ठरणार होतं. ताईकडे राहिली, तर तपासणीसाठी ने-आण याच गाडीतून.

"लक्ष त्या आकड्याला चिकटतं, भाऊजी. पलीकडचं माणूस दिसूनही दिसत नाही."

"तुमच्या प्रयोगातल्या लोकांना. मला दोन्ही दिसतं."

"चार डोळे आहेत वाटतं."

"अगं, आधी बघ तरी! न बघताच नाकाने कांदे सोलतेस."

हॉस्पिटलच्या गल्लीत वळताना गाडी मंदावली. धाकटीने पट्टा ताणून डोकं थेट त्यांच्या कानापाशी नेलं. बॉनेटच्या पुढे, हवेत, हिरवा आकडा तरंगत होता. तिने एक डोळा मिटला, मग दुसरा.

"कडा दुहेरी दिसतायत," ती म्हणाली. तिचा आवाज खुलला होता. "एवढा तोरा, आणि साधा आकडा धड उमटत नाही."

"कुठे दुहेरी?" भाऊजींनीही डोळे बारीक केले.

मागच्या काचेवर छत्रीचा दांडा आपटला. भाऊजींनी करकचून ब्रेक दाबला.

हॉस्पिटलचं फाटक मागे पडलं होतं. आई छत्री टेकत गाडीच्या खिडकीशी आली. एका डोळ्यावर पट्टी होती.

"केव्हाची हात हलवतेय. दोघंही माझ्याकडेच तर बघत होतात!"

भाऊजींनी गुपचूप बटण बंद केलं. धाकटीने हात मागे टाकून मागचं दार उघडलं आणि घाईघाईने विचारलं,

"आई, माझ्याकडे येतेस ना?"

"आमच्याकडे सगळी तयारी आहे हं," भाऊजींनी गिअर टाकला.

आईचा एक पाय अजून रस्त्यावरच होता.

"आधी मी बसलेय का, ते बघा."