लाकडाचं अंडं

आजारपणातून उठलेल्या माझ्या नातीला डॉक्टरांनी रोज एक अंडं सांगितलं आणि आमच्या परसात कोंबड्या आल्या. मी अंडं खात नाही, त्याला हातही लावत नाही. तसा नेम आहे. पण नेम माझा. त्यात पोरीच्या काटकुळ्या पायांचा काय दोष? म्हणून दाणापाणी मी करायचं आणि अंडी तिने काढायची, अशी वाटणी ठरली.

माझा दुसरा नेम मौनाचा. सकाळी उठल्यापासून प्रार्थना संपेपर्यंत मी बोलत नाही. नात तेवढ्या वेळात माझे हात वाचते. तळवा उभा धरला की थांब, बोटं हळूहळू मिटली की हळूच ये. एरवी आम्ही तिला बडबडी म्हणतो, पण तेव्हा तीही ओठ घट्ट मिटून घेते. तिला तो खेळ वाटतो.

खुराडं शेजारच्या सुतारभाऊंनी करून दिलं. पुढे जाळी, मागे गवत पसरलेली पेटी आणि तिच्यावर उचलायची फळी. कोंबड्या मात्र मनाला येईल तिथे अंडी घालत. तेव्हा सुतारभाऊंनी लाकडाचं एक अंडं कातलं, पांढरं रंगवलं आणि पेटीत ठेवलं.

"एकीने इथे घातलंय म्हटल्यावर बाकीच्या मागे राहतात होय? बायकांची जात."

"बाप्यांना तर दाखवूनही कळत नाही," सून आतून म्हणाली.

युक्ती लागू पडली. पेटीत अंडी येऊ लागली. मग एकेक नाहीशी व्हायला लागली, कवचाचा तुकडासुद्धा मागे न ठेवता. आणि एका संध्याकाळी लाकडाचं अंडंही गेलं.

"लाकडाचं अंडं नेणारा चोर!" सुतारभाऊ पोट धरून हसले. "दात पडले असतील बिचाऱ्याचे. बडबडे, तूच नेलंस ना खेळायला?"

"देवाशप्पथ नाही," ती रडवेली झाली.

मी हसले नाही. त्या संध्याकाळी कोंबड्या आत जाईनात. मी दाणे टाकले. दारापर्यंतचे टिपून त्या माना ताणून मागे सरल्या. शेवटी सगळ्या जाऊन कुंपणाच्या भिंतीवर बसल्या.

"बसू दे गं आई," मुलगा म्हणाला. "नखरे आहेत त्यांचे."

रिकाम्या खुराड्याला मी कडी घातली, पण त्या आत का जाईनात ते मला कळलं नाही.

कळलं सकाळी, देवापुढे बसले असताना. डोळे दिव्याच्या ज्योतीवर होते आणि मन त्या अंड्यापाशी. जो चावून खातो तो लाकूड टाकून देईल. नुसतं गिळणाऱ्याला मात्र कळणार नाही. खरं अंडं पोटात फुटतं, अंग पुन्हा सडपातळ होतं आणि जाळीखालच्या फटीतून निघून जाता येतं. लाकूड फुटत नाही. ते पोटात घेऊन त्या फटीतून निघता येत नाही.

साप आतच होता.

"जा गं, एखादं मिळतंय का बघ," स्वयंपाकघरात सून म्हणाली आणि मागचं दार करकरलं.

प्रार्थना अर्धी टाकून मी आजवर कधी उठले नव्हते. परसात पोचले तोवर पोरीने एका हाताने फळी उचलून धरली होती. दुसरा हात खांद्यापर्यंत गवतात होता.

हाक घशाशी आली. पण आजारपणापासून ती जरा आवाज झाला की दचकते. दचकली की हात हिसकणार. मी हाक गिळली. तिला दिसेन अशी हळूहळू पुढे आले आणि तळवा उभा धरला.

तिला खेळच वाटला. ती गालात हसली आणि होती तशी थांबली, हातासकट. तिच्या कोपराशी गवत हललं. एक वेटोळं दुसऱ्यावरून सरकलं, आणि त्याच्या मध्यावर अंड्याएवढा फुगवटा होता.

माझा हात थरथरू लागला. थरथरला तर तिला काय वाचता येणार? मी डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरलं आणि एकेक बोट मिटत नेलं. हळूच ये. दातांत जीभ धरून ती हात मागे घेऊ लागली. कोपर आलं. मनगट आलं. बोटं काही केल्या येईनात, असं मला वाटलं. मग तीही आली. मी तिला उराशी ओढली, फळी धाडकन पडली आणि आत गवत कितीतरी वेळ सळसळत राहिलं.

मुलगा काठी घेऊन धावला, सुतारभाऊ आले, एकच गलका झाला. मी तिला मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते.

"आजी, तुझं मौन संपलं ना? बोल की."

मी तिच्या बाहीला चिकटलेलं गवत काढत राहिले. तेव्हा तिनेच माझ्या कानाशी तोंड आणलं.

"अंडं नव्हतंच. पण एक कोंबडी आतच राहिलीय. मी तिला केवढं गोंजारलं. किती गार पडलीय गं ती!"

समोर भिंतीवर आमच्या साऱ्या कोंबड्या बसल्या होत्या. मी तिची बोटं मुठीत धरली आणि तशीच बसून राहिले.