दादांनी घेतलेली चूक

थोरल्या देशाने धाकट्या शेजाऱ्याला एक शीतगृह दिलं, आणि शीतगृहाबरोबर एक साहेब दिला. शीतगृह कायमचं, साहेब सहा महिन्यांपुरता. बंदरावर फीत कापली गेली, टाळ्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'थोरल्या भावाचा मदतीचा हात' असं ठळक अक्षरांत छापून आलं. अशा वेळी धाकट्या भावाला विचारून कुणी काही छापत नाही, हे सगळीकडे सारखंच.

साहेब माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तसं वाटायची शक्यता आहे. पंचवीस वर्षं त्याने थंडी राखण्याचं काम केलं होतं. यंत्राचा आवाज ऐकून त्याचं दुखणं ओळखायचा. पण माणसांना शिकवायची वेळ आली की त्याच्या बोलण्यात मास्तरकी यायची, आणि समोरचा बोलायला लागला की नजर मनगटावरच्या घड्याळाकडे जायची. बंदरावरच्या लोकांनी आठवड्याभरात त्याचं बारसं करून टाकलं. पाठीमागे घड्याळसाहेब, तोंडावर नुसतं साहेब.

शीतगृहाचे मुकादम होते दादा. साठीला टेकलेले, बुटके, आवाजाने हळू. शीतगृह यायच्या आधी त्याच जागेवर जुनं बर्फघर होतं, तिथे त्यांची तीस वर्षं गेली. मासळीच्या कल्ल्यात बोट घालून ती पाण्याबाहेर केव्हा आली ते सांगायचे. साहेबाने एकदा तापमापक लावून पडताळून पाहिलं आणि नंतर परत पाहिलं नाही.

दादांची एक रीत होती. रोज सकाळी सातला, दार उघडायच्या आधी, सगळे अकरा कामगार समोर उभे राहायचे आणि दादा म्हणायचे, "काल जे काय चुकलं असेल, ते माझं. चला, लागा कामाला." बस्स, एवढंच. कुणी क्रेट उन्हात विसरला, कुणी वजन चुकवलं, सगळ्यांदेखत कुणी विचारायचं नाही. मात्र ज्याच्या हातून चुकलं असेल त्याने संध्याकाळी पाचच्या आत दादांना एकट्याने गाठायचं आणि खरं काय ते सांगायचं. पाचला दादा नळाखाली आपले गमबूट धुवायचे. त्यांना गाठायची हीच वेळ, हे सगळ्यांना ठाऊक. ऐकून घ्यायचे, कसं सुधारायचं ते सांगायचे आणि विषय तिथेच संपायचा. बर्फघराच्या काळापासून एकही माणूस सांगायचा राहिला नव्हता.

साहेबाला याची मोठी गंमत वाटली. पहिल्याच अहवालात त्याने लिहून टाकलं: 'जबाबदारी निश्चित करण्याची कोणतीही पद्धत येथे नाही.' रात्रीच्या फोनवर बायकोला म्हणाला, "इथे मुकादमच रोज सकाळी गुन्हा कबूल करतो."

बायको हसली नाही. म्हणाली, "मग बाकीच्यांना खोटं बोलावं लागत नसेल."

चौथ्या महिन्यात पहिला माल थोरल्या देशाच्या बाजारात जायचा होता. त्या मालासाठीच तर एवढा खटाटोप चालला होता. अकरा होड्यांची निवडक मासळी आत रचून ठेवली होती. गुरुवारी दुपारी साहेब कामगारांना यंत्र समजावून सांगत होता. थंड हवा देणाऱ्या नळ्यांवर बर्फाचा थर साचतो आणि तो वितळवायला नळ्या थोडा वेळ तापवाव्या लागतात. एरवी यंत्र हे आपलं आपण करतं. साहेबाने ते हाताने करून दाखवलं. आतली थंडी उतरायला लागली तशी धोक्याची घंटा वाजू लागली. आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येईना म्हणून त्याने घंटा बंद केली. तेवढ्यात मुख्य कार्यालयातून बाईंचा, म्हणजे त्याच्या संचालिकेचा, फोन आला. बोलत बोलतच त्याने यंत्राच्या पेटीला कुलूप लावलं आणि बाहेर पडला. बटण होतं तसंच राहिलं. नळ्या तापत राहिल्या आणि घंटा मुकी झाली होती.

शुक्रवारी सकाळी दार उघडायच्या आधीच वास आला.

साहेब धावत पेटीपाशी गेला, कुलूप काढलं आणि आतली दोन्ही बटणं काल त्याने सोडली होती तशीच होती. त्या पेटीच्या दोनच किल्ल्या होत्या, एक त्याच्याकडे, एक दादांकडे. सगळ्यांकडे पाठ करून त्याने दोन्ही बटणं जागेवर फिरवली आणि पेटी लावली. मागे वळला तर चार पावलांवर दादा उभे. ते तसेच वळले. दारासमोर गेले, अकरा माणसांकडे पाहिलं आणि रोजच्याच आवाजात म्हणाले, "काल जे काय चुकलं असेल, ते माझं."

साहेबाला हायसं वाटलं. पुढे कितीतरी दिवस त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याची. चुका होतात. पण त्या क्षणी आपल्याला बरं वाटलं, जीव भांड्यात पडला, हे त्याला विसरता येईना.

त्या दिवशी दादांनी गमबूट फार सावकाश धुतले. शनिवारीही, सोमवारीही. पाचला नळापाशी काय असतं ते साहेबालाही ठाऊक होतं. तिन्ही दिवस त्याने आपली गाडी साडेचारलाच बोलावली.

मंगळवारी चौकशी समिती आली. थोरल्या देशाचे दोन अधिकारी आणि धाकट्या देशाच्या खात्याचे सचिव. सचिव राजधानीतले, मासळी त्यांनी ताटातच पाहिलेली. बंदरावरची रीतभात त्यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

"हे कुणाच्या चुकीने झालं?" अधिकाऱ्याने विचारलं.

"माझ्या," दादा म्हणाले. सगळ्यांसमोर कुणी विचारलं तर मुकादमाने दुसरं काय म्हणायचं असतं, हे त्यांना माहीतच नव्हतं.

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. "म्हणजे बटण तुम्ही फिरवलं?"

दादांनी साहेबाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आरोप नव्हता. दाराशी आलेल्या पाहुण्याला वाट करून द्यावी तसे ते नुसते थांबले. साहेबाने घड्याळात पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"शीतगृह माझ्या ताब्यात आहे," दादा म्हणाले. "चूक माझी."

"तुम्हाला काही सांगायचंय?" अधिकाऱ्याने साहेबाला विचारलं.

"नाही," साहेब म्हणाला. "यात सगळं आलंय."

पुढचं सगळं कागदावर झालं. शेजारच्या बंदरात दुसरं शीतगृह द्यायचं ठरत होतं. पण आधी इथला मुकादम बदला, अशी अट आली. सचिवांनी तासाभरात सही ठोकली. दादांना क्रेट धुण्याच्या अंगणात पाठवलं. तिथे ते पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडून, पाण्यात उभे राहून ब्रश मारू लागले. साहेबाच्या खोलीची एक खिडकी त्या अंगणावर उघडायची. साहेबाने टेबल फिरवून घेतलं.

नवा मुकादम आला. सकाळी सातला हजेरी व्हायची आणि लोक मुकाट आत जायचे. तीन आठवड्यांनी शीतगृहाच्या दाराला खालून बर्फ धरलेला साहेबाला दिसला. वाकून पाहिलं तर दाराचं रबर हातभर फाटलेलं, आणि फटीत कुणीतरी चिंधी कोंबलेली.

"हे कधी फाटलं?"

"माहीत नाही, साहेब."

अकरा जणांना विचारलं. अकरा वेळा तेच उत्तर, त्याच सुरात. आता चूक सांगितली की काय होतं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. साहेबाला कुणावर ओरडताही येईना. कुठल्या तोंडाने ओरडणार?

बायकोला त्याने फोनवर सगळं सांगितलं, म्हणजे रबराचं सांगितलं आणि मग बाकीचं आपसूक बाहेर पडलं. ती म्हणाली, "हे मला काय सांगतोस? ज्यांना सांगायचं त्यांना सांग."

रविवारी सकाळी तो दादांच्या घरी गेला. दोन खोल्या, बाहेर धुतलेल्या कपड्यांची दोरी, आत एक पलंग आणि दोन खुर्च्या. त्यातली बरी खुर्ची दादांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, त्याच्यापुढे सरकवली, पण बोलल्या नाहीत. चहा ठेवला तोही कप वाजवून. साहेबाने चहाला हात न लावता सांगायला सुरुवात केली. बटण, घंटा, फोन, साडेचारची गाडी. समितीपुढचं 'नाही'सुद्धा सांगितलं.

दादांनी मधे तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाले, "शुक्रवारीच कळलं होतं मला. माझी किल्ली माझ्या खिशात होती ना."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमचं तुम्ही सांगायचं असतं. मी कसं सांगणार?" दादा म्हणाले. "वाट पाहिली. म्हटलं, माणूस परका आहे, आपली रीत कळायला वेळ लागेल. आज आलात. झालं. संपलं."

"संपलं कसं? मी पत्र लिहितो. सगळं खरं लिहितो. तुमची जागा तुम्हाला परत मिळेल, माझा शब्द आहे."

वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि तशाच आत गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे लाल होते. गार झालेला चहा त्यांनी उचलला आणि म्हणाल्या, "थांबा भाऊजी, दुसरा टाकते. जेवूनच जा आता."

पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्याला कुठल्याही पगारवाढीने झाला नसेल एवढा आनंद त्या 'भाऊजी'ने झाला. तो जेवला. दोनदा वाढून घेतलं.

पत्र त्याने त्याच दुपारी लिहिलं, आणि चांगलं लिहिलं, एका शब्दाची लपवाछपवी नाही. सोमवारी सकाळी बाईंना आधी वाचून दाखवावं म्हणून फोन लावला. ही त्याची पंचवीस वर्षांची सवय. वर विचारल्याशिवाय त्याने कधी साधं टपालही टाकलं नव्हतं.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग अगदी प्रेमाने म्हणाल्या, "तुझा प्रामाणिकपणा मला माहीत आहे रे. पण विचार कर. हीच यंत्रं आपण आणखी तीन शेजाऱ्यांना दिलीत. शिकवायचं पुस्तक तुझ्या सहीचं. आपलाच माणूस चुकला म्हटलं की ते सगळे परत बोलणी करायला बसतील. दुसरं शीतगृह बारगळेल. मग नुकसान कुणाचं? त्यांचंच. आणि तुझ्या त्या मुकादमांचं वय झालंच आहे ना?"

"साठ."

"मग! पत्र पाठवू नकोस. मी तोंडी बघते काही जमतं का."

बोलायला जागा होती. बाई थांबल्याही होत्या.

"बरं," साहेब म्हणाला.

बाईंनी पुढे काही बघितलं नाही, आणि साहेबाने विचारलं नाही. पत्र आठ दिवस टेबलाच्या खणात होतं. मग एका दुपारी त्याने ते फाडलं, आधी उभं, मग आडवं, आणि तुकडे केराच्या टोपलीत न टाकता खिशात घालून घरी नेले.

सहा महिने भरले. निरोपाला कामगार अंगणात जमले. नवा मुकादम दोन शब्द बोलला. साहेब गाडीकडे निघाला तेव्हा फाटकातून दादा आत आले. इस्त्रीचा सदरा, बरोबर वहिनी. रजा टाकून आले होते.

दादांनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कामगारांकडे वळून म्हणाले, "मी सांगत होतो ना, ते हेच. एवढा मोठा माणूस, माझ्या घरी आला, खुर्चीत बसून आपली चूक सांगितली. वर पत्रही लिहिलंय. शिका जरा."

अकरा माणसांनी साहेबाकडे पाहिलं. त्या नजरा आदराच्या होत्या, आणि साहेबाला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"यांना खालच्या बंदरातल्या बर्फघरात बोलावलं होतं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "मुकादम म्हणूनच. परवाच नाही म्हणून कळवलं."

"का?" साहेबाने विचारलं.

"अहो, तुमच्या पत्राचं उत्तर आलं आणि मी जागेवर नसलो तर?" दादा म्हणाले. "तुमच्या शब्दाची काय किंमत राहील? तिथे दुसरा माणूस घेतला त्यांनी. असू दे. उत्तर येईल ना?"

आता तरी सांगायचं. अकरा माणसं समोर, गाडीचं दार उघडं, दादांचे खरखरीत हात त्याच्या हाताभोवती. त्याने तोंड उघडलं.

"येईल," तो म्हणाला.

"मग घाई नाही," दादा म्हणाले. "मी इथेच आहे."