साडूंचे रसग्रहण

“गप्प बसा! आता गिटार रडणार आहे,” साडू ओरडले आणि गिटार रडायला लागली. माझ्या मते तिला कुणीतरी मारत होते.

आमचे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्म छापखान्यात मशीन चालवण्यात गेला. नखांतली शाई निवृत्तीनंतरही निघाली नव्हती. पण रविवारी दुपारची जेवणे झाली की ह्या गृहस्थांच्या अंगात प्राध्यापक संचारायचा. तरुणपणी कुठूनतरी मिळवलेली एका परदेशी रॉक बँडची रेकॉर्ड त्यांच्याकडे होती, सत्तरच्या दशकातली. कव्हरवर चार केसाळ इसम मोडक्या जिन्यावर बसलेले. चौघांत मिळून एक कंगवा नसावा. ती रेकॉर्ड लावायची, तिच्याकडे पाठ करून आमच्यासमोर उभे राहायचे आणि रसग्रहण करायचे. शाळेत ‘खालील कवितेचे रसग्रहण करा’ हा प्रश्न मी कायम ऑप्शनला टाकला. इथे ती सोय नव्हती. बायकोच्या माहेरचे एवढे एकच घर उरलेले, त्यामुळे जावेच लागे.

“हा ड्रमर बघा. वाजवतो कमी, थांबतो जास्त. त्या थांबण्यातच सगळी मजा आहे!” साडू गरजायचे.

“मग कायमचा थांबला तर आणखी मजा,” मी म्हणायचो.

माझ्या बोलण्याला काडीची किंमत न देता ते पुढच्या गाण्याकडे वळायचे. आवाज कायम वरच्या पट्टीत, जणू आम्ही सगळे ठार बहिरे. नाकाने कांदे सोलणारी माणसे मी पुष्कळ पाहिली, पण ह्यांचा तोरा वेगळाच होता. शिवाय मला बसवायचे ते थेट समोरच्या खुर्चीत. बायकोला सोफा, मला शिक्षा.

त्या रविवारी ते पहिल्या बाजूच्या शेवटच्या गाण्यावर आले. कव्हर डोळ्यांशी धरून त्यावरचे शब्द वाचत होते, तेवढ्यात लाइट गेली. गायकाचा आवाज जाड झाला, घरंगळला आणि बंद पडला. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

“आता ऐका,” कव्हरवरून नजर न हलवता साडू ओरडले. “गाणं हळूहळू चढतंय. चढतंय की नाही?”

आतला नळ ठिबकत होता, तेवढाच काय तो आवाज.

“घाई नाही त्याला. बघा, सूर कसा धरून ठेवलाय!”

मी बायकोकडे पाहिले. ती तोंड उघडे टाकून साडूंकडे बघत होती. मला हसू फुटायला लागले. इतकी वर्षे हा माणूस आम्हाला कान नाहीत म्हणून हिणवत होता, आणि आज स्वतःच रंगेहाथ सापडला होता. एक वाक्य बोललो असतो तर रसग्रहणाचे दुकान कायमचे बंद. मी तोंड उघडले, तर स्वयंपाकघराच्या दारात ताई उभ्या. हात ओले होते. तेच त्यांनी माझ्यासमोर जोडले.

थोरल्या मेव्हणीने हात जोडल्यावर माणूस काय करणार? साडूंनी कव्हर खाली करून माझ्याकडे पाहिले, तेव्हा मी मान डोलावली.

“वा!” म्हणालो. “वा वा!”

साडू माझ्या ओठांकडे बघत राहिले.

“रेकॉर्ड बंद पडलीय ना?” त्यांनी विचारले आणि मागे वळून पाहिले. तबकडी फिरत नव्हती.

ताई त्यांच्यासमोर गेल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, “लाइट गेलीय. आत्ताच गेली हो.” मग आमच्याकडे वळल्या. “छापखान्यातल्या त्या मशिनीनं कान खाल्ले यांचे. कुणाला सांगू नकोस म्हणाले. रेकॉर्ड पाठच आहे त्यांना.”

साडूंची नजर ताईंच्या तोंडावरच होती. “पाठ आहे,” ते म्हणाले, “पण कुठवर आलीय ते कळत नाही. ते साडूभाऊंच्या तोंडावर दिसतं. गिटार लागली की एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करतात. ड्रम आले की दातओठ खातात. गायक किंचाळला की डोळेच मिटून घेतात. बाकीचे आपले भिडेखातर माना डोलावणार, त्यांच्यावरून काय कळायचं? म्हणून तर यांना समोर बसवतो.”

माझ्या तुच्छतेचा कुणी असा उपयोग करून घेत असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हते. लाज वाटली, आणि खरे सांगायचे तर रागही आला. निवांत तिरस्कार करायलासुद्धा ह्या माणसाने मला जागा ठेवली नव्हती.

थोड्या वेळाने लाइट आली. साडूंनी सुई गाण्याच्या सुरुवातीला नेऊन ठेवली आणि आमच्याकडे तोंड केले. ह्या वेळी भाषण नाही. कव्हर छातीशी धरून ते नुसते माझ्याकडे बघत उभे राहिले.

गिटार सुरू झाली. होती तशीच भिकार. पण काही केल्या माझे तोंड वाकडे होईना. चेहरा ढिम्म. साडूंची नजर माझ्या कपाळावरून हनुवटीपर्यंत आली, पुन्हा वर गेली. गाणे अर्ध्यावर आले.

“लागलं का हो?” त्यांनी हळूच विचारले.